सुनेने मुका घेऊ दिला नाही, म्हणून ती ‘पुस्तकी’?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतील आजी-नातवंडांवरचा लेख वाचल्यापासून मी अस्वस्थ आहे. तान्ह्या बाळाला घेण्यापूर्वी हात धुवायला सांगणाऱ्या, मुका घेऊ नका म्हणणाऱ्या सुना लेखिकेला ‘पुस्तकी’ वाटतात. लेखिकेच्या मायेविषयी मला आदर आहे. परंतु सुनेला पुस्तकी म्हणण्याची चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून हे पत्र.

4 वर्षांपूर्वी, नातीच्या बारशाच्या दिवशी माझ्या ओठाच्या कडेला बारीक फोड आले होते. अंगातली उष्णता बाहेर पडली, असे म्हणून मी त्यावर तूप लावले. सुनेने हळूच “आई, आज पापी नका घेऊ” म्हटले, तेव्हा “आम्ही काय मुले वाढवली नाहीत?” असे पाहुण्यांदेखत ऐकवून मी नातीच्या कपाळाचा मुका घेतला. आठवड्याभरात बाळ दूध ओढेनासे झाले, हलवले तरी डोळे उघडेना आणि कपाळावर तसेच फोड दिसले. घरात कोणाच्या ओठावर फोड आले होते का, हा डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न होता. पाठीच्या मणक्यातले पाणी तपासल्यावर हर्पिसचा विषाणू मेंदूपर्यंत पोहोचल्याचे कळले. 21 दिवस दर 8 तासांनी शिरेतून असायक्लोव्हिर आणि नंतर 6 महिने तेच औषध तोंडाने देऊन नात वाचली.

हा विषाणू एकदा शरीरात शिरला की मज्जातंतूंत जन्मभर दडून राहतो आणि फोड नसतानाही अधूनमधून लाळेतून बाहेर पडतो. मोठ्यांना त्याचा त्रास बहुधा ओठापुरताच होतो, पण पहिल्या महिन्यातील बाळाच्या तो जिवावर बेतू शकतो. माझी मुले कशी वाढली, याचेही उत्तर डॉक्टरांनी दिले. आईला हा संसर्ग पूर्वीच होऊन गेलेला असेल, तर तिची प्रतिपिंडे बाळाला गर्भातच मिळतात आणि त्याचे बरेचसे रक्षण होते. माझ्या सुनेला तो कधी झालेलाच नव्हता. असे असताना उष्ट्या चमच्याने भरवण्याचे कौतुक आपण कसे छापता?

रुग्णालयांविषयीही सांगितले पाहिजे. आम्ही होतो तिथे बेसिनवर हात धुण्याच्या पद्धतीचा तक्ता होता, पण साबण बहुतेक दिवस नसे. हात-पाय-तोंडाच्या आजाराचे विषाणू मुलांच्या शौचातून कित्येक आठवडे बाहेर पडत राहतात आणि त्यांच्यापुढे नुसते सॅनिटायझर पुरेसे ठरत नाही. मग लंगोट बदलून आलेल्या आयांनी हात धुवायचे कशाने?

पुढच्या पुरवणीत त्याच जागी एखाद्या बालरोगतज्ज्ञाचा लेख छापावा, ही विनंती. माझ्या सुनेने आजतागायत मला एका शब्दानेही बोल लावलेला नाही. आपला लेख मात्र तिनेही वाचला आहे.

आपली,
एक आजी, सातारा