बाबा, पाचवी कुणाची आणू?

व्हिएन्ना, रविवार

तीर्थरूप बाबा आणि आई,
शि. सा. न. वि. वि.

मी अगदी मजेत आहे. आई, जाड कोट घेतलाय आणि रोज घालते. परवा फोनवर आवाज बसल्यासारखा वाटला तो नुसता गारव्याने, दुखणं काही नाही.

बाबा, ‘बेथोव्हेनची पाचवी आण, कुठलीही चांगली’ असं तुम्ही म्हणालात. पण जुन्या रेकॉर्डच्या दुकानात त्या एकट्या चार भागांच्या पाचव्या सिंफनीचाच खोकाभर ढीग, वाद्यवृंद चालवणारा कंडक्टर दर वेळी वेगळा! निकिशने १९१३ मध्ये रेकॉर्डिंगच्या भोंग्यासमोर वाजवून घेतलेली मी ऐकली. खरखरीमागून सूर वेचावे लागतात, आपल्याकडच्या खाँसाहेबांच्या तबकड्यांसारखे. फुर्टवेंगलरची १९४७ ची आहे. युद्धानंतर बर्लिनमध्ये तो पुन्हा उभा राहिला तेव्हाची. लय अशी ताणतो की श्वास अडकतो. टोस्कानिनी मात्र लय सोडतच नाही.

मी अडकले ती क्लायबर बापलेकांत. वडील एरिश, १९५३, ॲम्स्टरडॅमचा वाद्यवृंद, मोनो, म्हणजे सगळा आवाज एकत्र. मुलगा कार्लोस, १९७४, इथलाच वाद्यवृंद, स्टीरिओ, म्हणजे डावा-उजवा आवाज वेगळा. सुरुवातीचे तीन आखूड आणि एक लांब सूर मुलाच्या रेकॉर्डमध्ये अंगावर येतात, आणि तिसऱ्या भागात मोठ्या बास व्हायोलिनांची धावपळ वेगळी, स्वच्छ ऐकू येते. वडिलांकडे सगळं एकाच दारातून येतं, पण कुठेही फापटपसारा नाही. तिसऱ्यातून चौथ्या भागात जाताना नगारा हळू हळू ठोके देत राहतो आणि मग पितळी वाद्यं एकदम उघडतात. तिथे मला वडीलच सरस वाटले. मुलाने संगीतात पडू नये असं एरिशला वाटायचं, म्हणून कार्लोस आधी झुरिकला रसायनशास्त्र शिकायला गेला होता. हे वाचलं तेव्हा तुमची आठवण आली. तुम्ही मला कशालाच अडवलं नाहीत.

मुझिकफेराइन या इथल्या मैफलीच्या सभागृहातही जाऊन आले. कार्लोसची रेकॉर्ड तिथेच झाली. बाबा, पैसे उधळले नाहीत, उभ्याने ऐकायचं तिकीट अगदी स्वस्त असतं. पण इथली एक रीत मला अजून पचत नाही. पहिला भाग संपला की टाळी वाजवायची नाही. कितीही रंगला तरी नाही. मी वाजवली, तर शेजारच्या आजींनी हळूच माझ्या मनगटावर हात ठेवला. मग काय करायचं? खोकायचं! वाजत असताना सगळ्यांनी दाबून धरलेला खोकला त्या मधल्या फटीत एकदम सुटतो, आणि कंडक्टरचा हात वर गेला की पुन्हा चिडीचूप. दाद म्हणजे सगळ्यात शेवटी, एकदम आणि कितीतरी वेळ. उरुसात दर्ग्याला समेवर ‘क्या बात है’ म्हणत मोठी झालेली मी, घशात अडकलेली ती दाद घरी घेऊन आले.

तर वडिलांची रेकॉर्ड तुमच्यासाठी घेतली. आपल्या प्लेअरला एकच स्पीकर, त्याला मोनोच शोभेल. मुलाची माझ्याकडे ठेवते.

आईच्या गुडघ्याचे पैसे सोमवारी पाठवते, ऑपरेशन पुढे ढकलू नका. मला काही कमी पडत नाही. काकूंनी सुचवलेल्या स्थळाला एवढ्यात काही कळवू नका. कारण करार आणखी एक वर्ष वाढलाय. हे फोनवर सांगायला धजले नाही. ताईच्या लग्नाला नक्की येते, पण हळदीला पोहोचणार नाही. आदल्या रात्री उशिरा मिरजेत उतरेन आणि चौथ्या दिवशी निघावं लागेल. ताईला तुम्हीच सांगा, माझ्या तोंडून तिला रडू येईल. आणि रेकॉर्ड मोठ्या बॅगेत टाकणार नाही, हातातच आणते. तोवर प्लेअरची पिन तेवढी बदलून ठेवा.

तुमची,
धाकटी