सामान गाडीत चढण्याआधी

चि. ओंकार यास,

अनेक उत्तम आशीर्वाद.

पुण्याहून कोचीला सामान हलवायचे तू पाठवलेले तिन्ही दर बघितले. एक १९ हजार, एक ३१, एक ३४. खाली तुझा एका ओळीचा प्रश्न, "१९ वाला फायनल करू ना?" फोनवर नको म्हटलं असतं तर तू घाईत हो-हो करून ठेवून दिला असतास, म्हणून लिहूनच पाठवतेय. सावकाश वाच आणि मग कोणाला होकार द्यायचा तो दे.

पुणे ते बंगळूर साडेआठशे किलोमीटर, तिथून सेलम, कोइमतूर, पालक्काड करत कोची आणखी साडेपाचशे. डिझेल, टोल, ड्रायव्हरचा भत्ता, चढवायला माणसं, उतरवायला माणसं, खोकी, बबल रॅप. एका बेडरूमचं घर आणि वर तुझी मोटरसायकल, एवढं १९ हजारांत कोणी नेत नाही. बाकीचे दोघे लुटारू आणि हा एकटाच धर्मात्मा, असं तर नसणार. उरलेले पैसे तो वाटेत कुठेतरी काढणार, आणि ते कसे काढतात ते आपल्या घरात एकदा झालंय.

वसंतमामा नाशिकहून इंदूरला गेला तेव्हा फोनवर २२ हजार ठरले होते. सामान भरेपर्यंत माणसं इतकी गोड की मामीने सगळ्यांना पोहे केले. इंदूरला गाडी दारात लागली आणि ताडपत्रीचा दोर सोडायच्या आधी ड्रायव्हरने स्वतःचा फोन मामाच्या हातात दिला. पलीकडून ऑफिसातला माणूस: "सर, तुम्ही सांगितलं त्याच्यापेक्षा माल जास्त भरलाय. १४ हजार वाढतील. पैसे जमा झाले की पोरं उतरवायला घेतील." मामा तावातावाने भांडला, पण शेगडी, अंथरुणं, पोरांची दप्तरं सगळं त्या ताडपत्रीखाली. शेवटी दिले. माल खरंच जास्त होता की नाही हे ठरवायला यादीच नव्हती.

सामान तुझ्या घरात आहे तोवर तू गिऱ्हाईक. गाडीत चढलं की अडला हरी. म्हणून घासाघीस, लेखी-बिखी जे काय करायचं ते आत्ता.

फोनवर "वन बीएचके" एवढं ऐकून सांगितलेल्या आकड्याला काही अर्थ नाही. माणूस घरी येऊन बघू दे, नाहीतर व्हिडिओ कॉलवर दाखव. आणि दाखवताना लाजू नकोस: माळा उघडून दाखव, दिवाणाच्या पोटातलं दाखव, बाल्कनीतल्या कुंड्या दाखव. त्याने वस्तूंची यादी करायची, खोकी अंदाजे किती ते लिहायचं, आणि खाली एक वाक्य टाकायचं की या यादीपुरती ही रक्कम अंतिम आहे, जास्तीचं काही निघालं तर त्याचे पैसे सामान चढवण्याआधी ठरतील. या वाक्याला जो का-कू करेल त्याला तिथेच नमस्कार कर.

आता तुझ्या ३१ वाल्याचा कागद. तळाला बारीक अक्षरात "टॅक्सेस एक्स्ट्रा" आहे, बघितलंस का? पॅकिंग-मूव्हिंगच्या बिलावर बहुधा १८ टक्के जीएसटी लागतो. ३१ हजारांवर ५,५८० झाले, म्हणजे तो ३६,५८० वर गेला. ३४ वाल्याने कर धरून आकडा दिलाय. तेव्हा या दोघांत महाग वाटणारा तूर्त स्वस्त आहे! कोणी "बिल नको असेल तर जीएसटी सोडतो" म्हणाला तर भुलू नकोस. तुझी कंपनी बिलावरच पैसे देणार आहे, आणि उद्या तक्रार करायची वेळ आली तर हातात तेवढाच कागद असेल.

जीएसटीचा नंबर मात्र तपासायचा. तो १५ अक्षर-आकड्यांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, आपल्या महाराष्ट्राचे २७. पुढची दहा म्हणजे पॅन. जीएसटीच्या पोर्टलवर "सर्च टॅक्सपेयर" मध्ये टाकला की नाव, पत्ता, नोंदणी चालू आहे की रद्द, सगळं दिसतं. मी १९ वाल्याचा घालून बघितला. त्याच्या कागदावर पत्ता हडपसरचा आणि नंबर ०७ ने सुरू, म्हणजे दिल्ली. बरं, मुख्य ऑफिस दिल्लीला असू शकतं, पण मग इथल्या कामाला इथला २७ चा नंबर हवा. आणि पोर्टलवर जे नाव निघालं ते त्याच्या लेटरहेडवर कुठेच नाही. आणखी काय बघायचं?

तू कुठल्याशा साइटवर चौकशी टाकलीस आणि तासाभरात दहा फोन आले म्हणालास. त्यातल्या बऱ्याच जणांकडे गाडी नसते, माणसंही नसतात. काम घ्यायचं, मधले पैसे ठेवायचे आणि पुढे भलत्यालाच द्यायचं. म्हणून सरळ विचार, गाडी तुमची की बाजारातली? गोडाऊन कुठे आहे? येऊन बघू का? नावाजलेल्या कंपनीच्या नावात एखादं अक्षर पुढेमागे करून धंदा करणारेही पुष्कळ आहेत, तेव्हा नाव ओळखीचं वाटलं एवढ्यावर जाऊ नकोस.

"आयबीए अप्रूव्ह्ड" असं त्या ३१ वाल्याने ठळक छापलंय, त्याबद्दल मला बोललंच पाहिजे, आयुष्य बँकेत गेलं माझं. बँका व्यापाऱ्यांना ट्रान्सपोर्टच्या बिल्टीवर, म्हणजे माल वाहायला घेतल्याच्या पावतीवर, पैसे देतात. ती बिल्टी विश्वासू वाहतूकदाराची असावी म्हणून बँकांच्या संघटनेने, म्हणजे या आयबीएने, यादी ठेवली. तुझा फ्रीज कसा बांधतात, याच्याशी तिचा काडीचा संबंध नाही. नाव यादीत असलं तर चांगलंच, पण त्यावर जास्त पैसे मोजायचे नाहीत. आणि छापलंय म्हणजे यादीत आहेच, असंही नाही.

वाटेतल्या खर्चांच्या नावाखाली काहीही लावतात. जकात लावली तर हसून विचार, कुठल्या गावची? मुंबईची उरलीसुरली जकातसुद्धा १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा गेली. ई-वे बिलाचे, म्हणजे माल नेताना काढायच्या सरकारी ऑनलाइन कागदाचे, पैसे मागतील. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिलातून नियमानेच सूट आहे. टोल दरात धरलाय की नाही, तेवढं मात्र लिहून घे, तो खर्च खरा आहे.

खरे आणि तरीही विसरले जाणारे खर्च दोन्ही टोकांना असतात. तुझ्या गल्लीत मोठी गाडी वळत नाही. मग छोट्या हत्ती टेम्पोतून दोन खेपा करून नाक्यावरच्या ट्रकपर्यंत न्यावं लागेल. त्याचे पैसे कोणाकडे? कोचीत कक्कनाडला तुझं घर अकराव्या मजल्यावर. तिथल्या सोसायटीला आजच विचार: सामानासाठी कुठली लिफ्ट, किती ते किती वेळ, रविवारी चालतं का, डिपॉझिट किती. लिफ्ट मिळाली नाही तर मजल्यागणिक पैसे वाढतात. कपाट आणि पलंग सुटे करणं, तिकडे परत जोडणं, एसी काढणं, यातलं काय धरलंय तेही विचार. एसी काढणारा आणि लावणारा बहुतेक वेळा वेगळाच असतो, आणि गॅस भरण्याचं बिल तिसराच देतो.

केरळची एक गोष्ट तुला तिथे गेल्यावर कळण्याआधी सांगते. तिथे सामान चढवणाऱ्या-उतरवणाऱ्यांच्या युनियन जबरदस्त. आपल्याकडे माथाडींचा १९६९ चा कायदा आहे, तसा त्यांचा १९७८ चा. पाठीवर ओझी वाहणाऱ्यांना हक्काची मजुरी मिळावी म्हणून ते कायदे झाले, आणि ते व्हायलाच हवे होते. पण त्यातून तिथे "नोक्कुकूली" रुजली: तुमची माणसं उतरवतात, आम्ही उभं राहून बघतो, आम्हालाही मजुरी द्या. सरकारने १ मे २०१८ पासून ती बंद केली. घरगुती कामाला माणसाने स्वतः लावलेला मजूर त्या कायद्यात येतही नाही. तरी गाडी आली की कोणीतरी येऊन उभं राहू शकतं. तू एकटा, नवा, मल्याळम येत नाही. वाद घालत बसू नकोस. सोसायटीच्या मॅनेजरला आधी सांगून ठेव, आणि मूव्हरच्या कागदावर लिहून घे की उतरवताना स्थानिक मजुरीचा प्रश्न आला तर तो त्याने सोडवायचा. कोचीला नेहमी गाड्या पाठवणारा असेल त्याला हे सांगावं लागणार नाही. त्याला उलट तूच विचार, शेवटची गाडी कधी गेली आणि उतरवलं कोणी. उत्तर देताना अडखळला तर समज.

तू जाणार जूनच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे पाऊस आणि तू एकदमच केरळात शिरणार. गाडी बंद बॉडीची हवी, ताडपत्रीची नको. "शेअरिंग" म्हणजे दुसऱ्यांच्या सामानाबरोबर. स्वस्त पडतं, पण गाडी भरेपर्यंत सामान गोडाऊनला पडून राहतं आणि मध्ये गाडीही बदलते. चालत असेल तर घे, पण पोचायची तारीख लिहून घे.

विम्याचं नीट बघ. ३४ वाल्याने किमतीच्या ३ टक्के "इन्शुरन्स" वेगळा लिहिलाय. तू ३ लाख किंमत सांगितलीस तर ९ हजार होतात. त्याला विचार, कुठल्या विमा कंपनीचा, पॉलिसी नंबर काय, पॉलिसीची प्रत कधी मिळेल. पुष्कळदा विमा कंपनीचा काही संबंध नसतो, हेच लोक "आमची जबाबदारी" म्हणून पैसे घेतात. पॉलिसी असेल तर घे, नाहीतर नको. बिल्टीवर "ॲट ओनर्स रिस्क" छापलेलं असतं, ते बघून घाबरूही नकोस. रस्ते वाहतुकीचा २००७ चा कायदा आहे. त्याआधी १८६५ चाच चालायचा. या कायद्यात नुकसान झालं तर वाहतूकदाराचा निष्काळजीपणा तुला सिद्ध करावा लागत नाही. भरपाई मात्र जादा जोखमीचा दर भरला नसेल तर भाड्याच्या दहा पटीपर्यंतच, आणि तीही सांगितलेल्या किमतीच्या आत. म्हणून बिल्टीवर भाडं ५ हजार आणि बाकी सगळं "पॅकिंग" असं लिहू देऊ नकोस. नुकसानीची लेखी नोटीस बुकिंगपासून १८० दिवसांच्या आत द्यावी लागते.

भरतानाची एक खोड लक्षात ठेव. यादी करणारा मुलगा प्रत्येक वस्तूपुढे "जुनं, ओरखडे" लिहीत सुटतो. तुझा टीव्ही नवा कोरा आहे. तिथल्या तिथे खोडायला लाव आणि टीव्ही चालू करून फोटो काढ. खोक्यांवर नंबर टाक. उतरल्यावर "माल सुस्थितीत मिळाला" यावर सही मागतील. तू वर लिही, "खोकी न उघडता ताब्यात घेतली", मग सही कर. बुकिंगला थोडे, भरल्यावर बरेच, आणि शेवटचा हप्ता उतरवल्यावर, असं ठरव. सगळे पैसे कंपनीच्या खात्यात, कोणा "भैयाच्या" नंबरवर नाही. आणि एवढं करूनही मामासारखं झालंच तर पैसे दे, पण पावतीवर "हरकत नोंदवून दिले" लिही. मग १९१५ वर ग्राहक हेल्पलाइन आहे, जिल्हा ग्राहक आयोग आहे. तू राहतोस तिथे तक्रार करता येते, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही.

बाकी किरकोळ. वॉशिंग मशीन समोरून उघडणारं आहे. त्याच्या मागे लावायचे चार लांब बोल्ट तू आणल्या दिवशी पिशवीत घालून ओट्याखालच्या खणात ठेवले होतेस. ते लावल्याशिवाय मशीन हलवू देऊ नकोस, आतला ड्रम निखळतो. गॅस सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीला परत करून व्हाउचर घे, ट्रकमध्ये कोणी घेत नाही. मोटरसायकलची टाकी रिकामी, आरसी आणि विम्याच्या प्रती तयार. तिचा दर फार वाटला तर पुण्याहून एर्नाकुलमला थेट रेल्वे आहे, स्टेशनच्या पार्सल ऑफिसात चौकशी कर. तबला-डग्गा मात्र ट्रकमध्ये टाकायचा नाही. तुझ्याबरोबर येईल.

बाबा शनिवारी पुण्याला येताहेत. ३४ वाल्याचं गोडाऊन निगडीच्या ट्रान्सपोर्ट नगरीत आहे म्हणालास ना? ते जाऊन बघून येतील. त्यांना त्या लोकांशी बोलायला आवडतंही. तोवर कोणालाही ॲडव्हान्स देऊ नकोस. ३१ वाल्याकडून करासकट नवीन आकडा मागव, दोघांकडून यादी आणि रक्कम अंतिम असल्याचं ते वाक्य लेखी घे, आणि शुक्रवारी रात्रीपर्यंत मला पाठव. १९ वाल्याचा फोन उचलायचा नाही.

तुझी,
आई