काका, तुम्ही माझ्या कीबोर्डला हात लावला नाहीत

प्रिय काका,
सा. न. वि. वि.

समोर आभार मानायला गेलं की तुम्ही ‘त्यात काय एवढं’ म्हणता आणि पेपर तोंडासमोर धरता. म्हणून हे असं उघड्यावर लिहिते आहे.

आपली ओळख झाली त्या दुपारी मी रडकुंडीला आले होते. वाचनालयातलं कोपऱ्यातलं टेबल, माझा जुना लॅपटॉप, त्यावर विंडोजऐवजी उबुंटू नावाचं लिनक्स, आणि टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, दगड होऊन बसलेलं. काहीही टाइप करा, अक्षर उमटेना. आत माझ्या ओव्या. माण तालुक्यातल्या बायांकडून चार वर्षं गोळा केलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या ६१२ फायली. पॉवरचं बटण दाबून लॅपटॉप बंद करायला माझं बोट निघालंच होतं, कारण आधीच्या जाणकारांनी मला तेवढाच उपाय शिकवला होता.

शेजारच्या खुर्चीवरून तुम्ही विचारलंत, “मघाशी कंट्रोल-एस दाबलंत का?”

दाबलं होतं. दर दोन मिनिटांनी सेव्ह करायची जुनी सवय, बोटं आपोआप जातात.

“मग आता कंट्रोल-क्यू दाबून बघा.”

दाबलं, आणि घाबरून मी जे जे बडवलं होतं ते सगळं धाडधाड पडद्यावर सांडलं. ‘एलएस’ (फायलींची यादी दाखव), ‘एलएस’, पुन्हा ‘एलएस’. टर्मिनल बंद पडलंच नव्हतं. ते सगळं ऐकत होतं, फक्त मी गप्प बस म्हटल्यामुळे बोलत नव्हतं. तुम्ही हसलात, पण मला नाही. म्हणालात, हे आमच्या टेलिप्रिंटरच्या काळातलं भूत. कागदावर छापणारं यंत्र मागे पडायला लागलं की समोरच्याला थांब म्हणायची खूण (कंट्रोल-एस), आणि मग चालू दे म्हणायची खूण (कंट्रोल-क्यू). यंत्रं गेली, खुणा राहिल्या. लिनक्समध्ये टर्मिनलला अजून ‘टीटीवाय’ म्हणतात ते त्या टेलिटाइपवरूनच. तारखात्यात तुमची नोकरी टेलिप्रिंटर दुरुस्त करण्यात गेली हे तेव्हा कळलं. २०१३ च्या जुलैत देशातली तारसेवा बंद झाली आणि तिची एक खूण माझ्या लॅपटॉपमध्ये जिवंत आहे, याचं मला अजून नवल वाटतं.

पण आभार त्याचे नाहीत. कंट्रोल-क्यू कुणीही सांगितलं असतं. (खरं तर चार जणांना विचारलं होतं, एकानेही सांगितलं नाही, ते सोडा.)

फायली ६१२ होत्या म्हटलं ना, त्याआधी ६८६ होत्या. ७४ कशा गेल्या ते मी तुम्हाला कधी नीट सांगितलं नाही. एका ‘लिनक्स येणाऱ्या’ गृहस्थांना मी पैसे देऊन बोलावलं होतं. त्यांनी आल्या आल्या लॅपटॉप स्वतःकडे ओढला. एडिटरने मागे ठेवलेल्या जुन्या प्रती, नावाच्या शेवटी टिल्डची नागमोडी खूण असलेल्या, त्यांना पुसायच्या होत्या. ‘आरएम’ म्हणजे पुसून टाक, मग स्टार म्हणजे कुठलंही नाव, मग टिल्ड. घाईत स्टार आणि टिल्डच्या मध्ये एक स्पेस पडली. एकच. स्टार एकटा पडला आणि त्या फोल्डरमधलं सगळं गेलं. टर्मिनलला कचऱ्याची टोपली नसते हे मला त्या क्षणी कळलं. ते म्हणाले, “बॅकअप ठेवायचा असतो, मॅडम,” आणि पैसे घेऊन गेले. बऱ्याच ओव्या रेकॉर्डिंग ऐकून पुन्हा लिहिल्या. नऊ मात्र एका आजींच्या वहीतून उतरवलेल्या होत्या. वही मी परत केली होती, आणि आता आजीही नाहीत.

त्यामुळे तुम्ही खुर्ची माझ्या टेबलाकडे सरकवलीत तेव्हा मी लॅपटॉप जरा छातीशी धरला होता. तुमच्या लक्षात आलं असणार. तुम्ही बसलात आणि दोन्ही हात मांड्यांखाली सारलेत. अक्षरशः, थंडी वाजल्यावर शाळेतली पोरं बसतात तसे. म्हणालात, “मी हात लावणार नाही. तुम्ही करा, मी बघतो.”

काका, सहा महिन्यांत तो एक नियम तुम्ही मोडला नाहीत. मला ‘टॅब’ची कळ सापडेना, एका आज्ञेचं उत्तर दुसरीला देणाऱ्या पाइपची उभी रेघ सापडेना, मी शब्द शोधणाऱ्या ‘ग्रेप’चं स्पेलिंग तीनदा चुकले. तुमचं बोट हवेत उठायचं, पडद्यापाशी येऊन थबकायचं आणि परत मांडीखाली जायचं. तुम्हाला ते किती जड जात होतं ते दिसत होतं. मी ज्या ओळीला दोन मिनिटं लावायचे ती तुम्ही चार सेकंदांत लिहिली असतीत. आधीच्या सगळ्यांनी लिहिलीच होती. “सरका जरा”, खटखट, “झालं”. काय झालं, कसं झालं, ते आपल्याबरोबर घेऊन गेले. त्यांना काम संपवायचं होतं, तुम्हाला मला शिकवायचं होतं.

माझ्या हातांनी केलं म्हणूनच हातांत राहिलं. काही पुसायचं असेल तर आधी पुढे ‘एको’ (नुसतं लिहून दाखव) लावून बघायचं, हे आता बोटांना डोक्याआधी आठवतं. तुम्ही म्हणाला होतात, ‘आरएम’ला स्टार दिसतच नाही, शेल (आपली आज्ञा आधी वाचणारा प्रोग्राम) आधीच स्टारच्या जागी सगळी नावं ओततो, मग ओतलेलं काय आहे ते बघून का घेऊ नये? इतकं साधं. जुनी आज्ञा पुन्हा हवी तर कंट्रोल-आर दाबून तिचा तुकडा लिहायचा. मागच्या आज्ञेतला शेवटचा शब्द हवा तर ऑल्ट आणि टिंब. आणि सारख्या ओळी गाळणाऱ्या ‘युनिक’ला फक्त शेजारी ओळखता येतात, म्हणून त्याच्या आधी ‘सॉर्ट’ने क्रम लावून सारख्यांना शेजारी बसवायचं. पाइपची कल्पना डग मॅकिलरॉय यांची आणि १९७३ मध्ये केन थॉम्पसन यांनी ती एका रात्रीत लिनक्सच्या पूर्वज युनिक्समध्ये बसवली, हे तर तुम्ही असं सांगितलंत की जणू चहा तुम्हीच नेऊन दिला होता.

ओव्यांच्या अहवालातल्या घोळाबद्दलही लिहायलाच हवं. मी अक्षरं मोजायला ‘डब्ल्यूसी’ या मोजणीच्या आज्ञेला डॅश-सी लावत होते आणि एकूण अक्षरसंख्या अभिमानाने लिहीत होते. तुम्ही ‘मराठी’ एवढाच एक शब्द फाइलमध्ये लिहायला लावलात. शेवटचं एंटर धरून उत्तर आलं १६. डॅश-सी बाइट (साठवणीची एककं) मोजतं आणि देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या साठवायच्या पद्धतीत तीन बाइट खातं. डॅश-एम लावलं तर एंटरसकट ६, कारण काना आणि वेलांटी ते वेगळे धरतं. “आणि आपण तीन अक्षरं म्हणतो,” तुम्ही म्हणालात, “तिघंही आपापल्या जागी बरोबर आहेत.” अहवालातले आकडे मी गुपचूप दुरुस्त केले.

मग तो वारकऱ्यांचा दिवस. ‘वारकऱ्या’ शोधलं की ठरावीक ओव्याच मिळायच्या. ज्या ओव्यांत तो शब्द मला डोळ्यांनी दिसत होता, त्या ‘ग्रेप’ला दिसत नव्हत्या. तुम्ही बराच वेळ पाहिलंत आणि म्हणालात, “हे मला माहीत नाही.” मागच्या चार वर्षांत हे वाक्य मला एकाही जाणकाराकडून ऐकायला मिळालं नव्हतं. काहींनी ‘मॅन पेज (आज्ञेची माहितीपुस्तिका) वाचा’ म्हटलं, एकाने विंडोज घ्या म्हटलं, माहीत नाही कुणीच म्हटलं नाही. मग तुम्ही बाइट आकड्यांत दाखवणारं ‘ओडी’ लावायला सांगितलंत आणि आपण दोघं आकडे मोजत बसलो. दिसायला हुबेहूब एकच शब्द, पण एक २४ बाइटचा, दुसरा २७ चा. वेगवेगळ्या कीबोर्डवर टाइप केलेला. एकात पायाखाली टिंब असलेला ऱ होता, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडणारं चिन्ह. साताऱ्यात बसून, ‘साताऱ्या’तच ही गफलत आहे हे शोधायला आपल्याला संध्याकाळ झाली. वाचनालय बंद करायला आलेले शिपाईमामा आपल्यामागे उभे राहून मोजत होते. आता दोन्ही रूपं शोधते. आजीची एक ओवी, जी मी चुकून नसलेली धरली होती, तिथे सापडली.

त्या दिवशी तुम्ही निघताना पाय मुंग्यांनी बधिर झाले होते, हात मांड्यांखाली दाबून बसल्यामुळे. खुर्चीला धरून उभे राहिलात. मी काही बोलले नाही, तुम्हाला आवडलं नसतं.

एक तक्रार तेवढी आहे. वाचनालयात तुम्ही सगळ्यांना सांगता म्हणे, की या बाईंनी कंट्रोल-एस दाबून सतरा वेळा ‘एलएस’ मारलं. सांगा, माझी हरकत नाही. पण सतरा नव्हे काका, अकरा. मी मोजलंय.

तुमची,
कोपऱ्यातल्या टेबलावरची