उशीखालची नीकॅप

चि. ओंकार यास,
अनेक आशीर्वाद.

बेळगावला फौजेच्या ट्रेनिंगला नीट पोचलास, हे मामाकडून कळलं. फोन तुझ्या हातात कधी मिळेल ठाऊक नाही, म्हणून लिहितेय. रडगाणं गायचं नाही, असं ठरवूनच बसलेय.

काल तुझं अंथरूण उन्हात टाकायला काढलं, तर उशीच्या अभ्र्यात निळी नीकॅप सापडली. घामाचा वास अजून आहे तिला. म्हणजे पहाटे उठून खिंडीपर्यंत पळत होतास, ते असं पळत होतास. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांच्या आत काढलंस म्हणून पप्पांनी आळीत पेढे वाटले, आणि गुडघा दुखतोय हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. मी विचारलं की तुझं ठरलेलं, "काय नाय गं आई."

हे "काय नाय" मला नवं नाही. नाना पलटणीतून सुट्टीवर आले की पांढऱ्या रंगात नाव-नंबर घातलेली ती काळी ट्रंक सोप्यात उतरायची आणि घरभर बूटपॉलिशचा वास सुटायचा. मळ्यात जाताना मी त्यांचा उजवा हात धरायचे, मामा डावा. मी सारखी बडबडायचे आणि नाना माझ्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. मामानं काही विचारलं की लगेच उत्तर. मला वाटायचं, यांचा माझ्यावर जीवच नाही. एकदा रुसून बांधावर बसून राहिले, तर ते हाका मारत उसात शिरले. मी जवळूनच ओ देत होते, ती त्यांना ऐकूच येत नव्हती.

पेन्शनीत आल्यावर, माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी मामानं त्यांना कानाच्या डॉक्टरकडे नेलं. उजव्या कानाचा पडदा फाटलेला, इजा जुनी. तेव्हा कुठं नाना बोलले: 1971ची लढाई, बांगलादेशातलं जमालपूर, 10 डिसेंबरची रात्र, शेजारीच गोळा फुटला. आजीलाही तेव्हाच कळलं.

जमालपूरची गोष्ट त्यांनी तुलाही शंभरदा सांगितली असेल. त्यांची जंगी पलटण, म्हणजे पहिली मराठा, नदी ओलांडून पाकिस्तानी ठाण्याच्या पाठीमागं बसली, आपल्या ब्रिगेडियरसाहेबांनी शरण या म्हणून चिठ्ठी धाडली आणि तिकडच्या कर्नलनं जबाबाच्या चिठ्ठीत बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली. इथं नाना मूठ उघडून दाखवायचे, जणू ती गोळी अजून तळहातावर आहे. आणि मग एकदम ढाक्याला पोचायचे. मधली रात्र गाळायचे. त्यांची पत्रं मी जपून ठेवलीत, ५६ एपीओ, या फौजेच्या टपालाच्या पत्त्यावरची. प्रत्येकात शेवटी "मी खुशाल आहे, काळजी नसावी."

लपवलं का, ते मला कळतं. मेडिकल कॅटेगरी खाली गेली की बढती अडते. तुझंही कळतं. आजारी पडलं की मागच्या बॅचला टाकतात म्हणे, आणि चार वर्षांनी चार अग्निवीरांतल्या एकालाच फौजेत ठेवणार. पण बाळा, गुडघा एकदा गेला की गेला. दुखलं तर सरळ एमआय रूममध्ये, तिथल्या दवाखान्यात जा, शिकवणाऱ्या उस्तादांना सांग, अंगावर काढू नकोस. गरम पाण्यानं शेक, सकाळी उठल्या उठल्या... बघ, सुरू झालं माझं पुन्हा. रागावू नकोस. तिथं तुला ओरडणारे पुष्कळ असतील, त्यात माझी भर नको.

तुला सांगायचं राहिलं. तू गेलास त्या संध्याकाळी पप्पा नानांच्या फोटोपुढं बराच वेळ उभे होते. नंतर मला म्हणाले, ट्रेनिंग संपून तू शपथ घेशील त्या कसम परेडला सगळेच जाऊ, आजीलाही गाडी करून नेऊ. आजी तर आत्तापासूनच इरकल बाहेर काढून बसलीय. नाना असते तर डावा कान बँडकडं करून उभे राहिले असते. माझी छाती भरून येते रे. आणि लगेच तो गुडघा डोळ्यांपुढं येतो.

नीकॅप धुऊन वाळत घातलीय. शेंगदाण्याच्या लाडवांबरोबर पार्सलात घालते, चालत असेल तर वापर. पत्राचं उत्तर दोन ओळींचं असलं तरी चालेल. खुशाल आहे, असं मात्र लिहू नकोस. कुठला गुडघा ते लिही. उजवा की डावा, तेवढं तरी खरं कळव.

तुझी,
आई