स्पर्धा रद्द झाली की आधी कूलरकडे बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मॅरेथॉन किंवा सायकल स्पर्धा रद्द झाली, की सल्ल्यांना ऊत येतो. मन खंबीर ठेवा, ध्येय सोडू नका, घरच्या घरी सराव चालू ठेवा. घरच्या घरी म्हणजे नेमका कसा, हे कुणी लिहीत नाही. मग हौसेने घेतलेला ट्रेनर (सायकल जागच्या जागी चालवायचा स्टँड) महिन्याभरात टॉवेल वाळत घालायच्या कामी येतो आणि माणूस स्वतःला आळशी ठरवून मोकळा होतो. नागपुरात तरी बहुतेकांच्या बाबतीत हे निदान चुकीचं आहे. जिद्द असते, खोलीत वारा नसतो.

हिशोब साधा आहे. सायकल चालवताना शरीराची कार्यक्षमता 20 ते 25 टक्के असते. पेडलवर 200 वॅट पडत असतील, तर 600 ते 800 वॅट नुसती उष्णता म्हणून अंगातून बाहेर पडतात. रस्त्यावर ताशी 30 किलोमीटरचा वारा ती वाहून नेतो. बंद खोलीत ती तिथेच साठते. घाम गळतो, पण वाळत नाही, आणि न वाळलेला घाम शरीर थंड करत नाही. रक्त त्वचेकडे वळतं, स्नायूंच्या वाट्याला कमी येतं, आणि वॅट तेवढेच असताना नाडीचे ठोके तासाभरात 10-15 ने चढतात. चाळिसाव्या मिनिटाला वाटतं, फिटनेस गेला. फिटनेस जागेवरच असतो.

उपाय आपल्या प्रत्येक घरात खिडकीला टांगलेला आहे. मात्र कूलर कधी आणि कसा लावायचा हे कळलं पाहिजे. मे महिन्यात बाहेर 43 अंश आणि आर्द्रता 15 टक्के असेल, तर ओल्या फडक्याचं तापमान, म्हणजे पाणी वाळून जिथवर गारवा येऊ शकतो ते वेट बल्ब, 23 अंशांच्या आसपास येतं. अशा हवेत कूलर झकास चालतो. पण तो बाहेरची कोरडी हवा ओढणारा हवा, आणि समोरची खिडकी किंवा दार उघडं हवं. खोलीतच ठेवलेला कूलर तीच ओली हवा फिरवत राहतो आणि वीस मिनिटांत खोलीचं न्हाणीघर होतं. जुलैत उलटा प्रकार. 28 अंश आणि 85 टक्के आर्द्रतेला वेट बल्ब 26 च्या घरात जातं. म्हणजे ट्रेनरवरच्या माणसासाठी पावसाळ्यातली 'छान गार' सकाळ नवतप्यातल्या, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक दिवसांतल्या, कूलरच्या खोलीपेक्षा वाईट. तेव्हा कूलरचा पंप बंद करायचा, टाकी रिकामी करायची, बाजूच्या गवताच्या ताट्या काढायच्या आणि नुसता पंखा चालू ठेवायचा. लोखंडी कूलरइतका मोठा ब्लोअर बाजारात वेगळा घ्यायला गेलात तर चांगले पैसे मोजावे लागतील. झोत छातीवर आणि चेहऱ्यावर, मीटर-दीड मीटरवरून. छताचा पंखा डोक्यावर वारा घालतो, तो पुरत नाही.

इथे एक इशारा द्यायलाच हवा. घामाने निथळणारा अनवाणी माणूस, ओली फरशी आणि लोखंडी कूलर, याहून धोकादायक जोडी घरात दुसरी नाही. विदर्भात कूलरचा शॉक लागून दर उन्हाळ्यात जीव जातात. अर्थिंग तपासून घ्या, 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) बसवा, आणि पाणी भरताना प्लग काढा. बटण बंद करणं पुरेसं नाही.

वाऱ्याची सोय झाली की प्रश्न उरतो तारखेचा. स्पर्धा रद्द झाल्याची बातमी बहुधा शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत येते. तेव्हा लांब पल्ल्याचे सराव झालेले असतात, टेपर (स्पर्धेआधी सराव हळूहळू कमी करणं) सुरू असतो आणि शरीर ऐन भरात असतं. तो भर दोन-तीन आठवड्यांच्या वर टिकत नाही. यावर दोन प्रकारच्या चुका दिसतात. एक तर लोक रागाने सगळं सोडून देतात, नाहीतर रोज संध्याकाळी ऑनलाइन शर्यतीत जीव तोडून पेडल मारतात आणि महिन्यात गळून जातात. त्यापेक्षा रद्द झालेली तारीख कॅलेंडरवर तशीच ठेवावी आणि त्या दिवशी स्वतःची परीक्षा घ्यावी. सायकलवाल्याने नीट वॉर्मअप करून 20 मिनिटांची चाचणी द्यावी. सरासरी वॅटला 0.95 ने गुणलं की एफटीपी, म्हणजे साधारण तासभर टिकवता येईल तेवढा जोर, मिळतो. धावणाऱ्याने सपाट रस्त्यावर पहाटे किंवा ट्रेडमिलवर 30 मिनिटांत किती अंतर होतं ते मोजावं. ट्रेडमिलवर अख्खी 42 किलोमीटर काढण्याचा पराक्रम कृपया नको. त्यातून फोटोशिवाय काही मिळत नाही. चाचणीनंतर पाच-सात दिवस हलकं, आणि मग त्याच आकड्यावर सहा आठवड्यांची नवी आखणी. पुढची स्पर्धा कधी हे माहीत नसताना सहा आठवड्यांनंतरची तीच चाचणी हेच ध्येय. ते कुणी रद्द करू शकत नाही.

घरातला एफटीपी वेगळा लिहून ठेवा. रस्त्यापेक्षा तो 5 ते 10 टक्क्यांनी कमी येऊ शकतो. रस्त्यावरचा आकडा घेऊन घरात बसलात तर प्रत्येक सराव अर्धवट सुटतो, आणि चार दिवस ओळीने असं झालं की पाचव्या दिवशी कुणी बसत नाही. शिवाय ट्रेनरवर उतार नाही, सिग्नल नाही, पाय थांबत नाहीत. म्हणून घरातला एक तास हा एक तासच असतो, रस्त्यावरचा दीड तास त्यात सहज भरून निघतो. आठवड्यात दोन कठीण दिवस पुरतात: एक दिवस 20 मिनिटांचे दोन तुकडे एफटीपीच्या 88 ते 93 टक्क्यांवर, मध्ये पाच मिनिटं सैल, दुसऱ्या दिवशी 30 सेकंद जोरात, 30 सेकंद हळू, असे दहा फेरे, दोनदा. बाकी दिवस बोलता येईल इतक्या जोरावर 45 ते 75 मिनिटं. सरावाचे दिवस आणि तास बरेच कमी केले तरी तीव्रता कमी केली नाही, तर कमावलेली क्षमता कित्येक आठवडे टिकते. म्हणून वेळ नसेल तर लांबी कापा, कठीण तुकडे कापू नका.

ब्रेव्हेवाल्यांचं, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब पल्ल्याची सायकल-फेरी पूर्ण करणाऱ्यांचं, दुखणं निराळं. 200 किलोमीटर साडेतेरा तासांत, 300 वीस तासांत, 400 सत्तावीस, 600 चाळीस. चारही एका हंगामात झाल्या तर सुपर रँडोनर हा किताब. ऐन वेळी 600 रद्द झाली की अख्खी मालिका अडते, त्यामुळे हिरमोड मोठा. यासाठी ट्रेनरवर सहा तास बसण्यात अर्थ नाही. शनिवारी अडीच तास आणि रविवारी दोन तास, दोन्ही संथ, हे जास्त कामाचं. दुसऱ्या दिवशी थकलेल्या पायांनी बसायची सवय तिथेच लागते. ट्रेनरवर सायकल रस्त्यासारखी हलत नाही, सगळा भार एकाच जागी येतो, म्हणून दर दहा मिनिटांनी अर्धा मिनिट उभं राहून पेडल मारा. बधिरपणा आला तर सीटला दोष देण्याआधी हे करून पाहा.

मागच्या चाकाला रोलर दाबणारा ट्रेनर असेल, तर टायरमधली हवा दर वेळी एकाच दाबाची आणि रोलरचा स्क्रू दर वेळी तेवढेच आटे. दहा मिनिटं चालवून टायर तापल्यावरच कॅलिब्रेशन (वॅटच्या आकड्याची जुळणी) करा. थंड टायरवर केलेलं कॅलिब्रेशन वॅट चुकीचे दाखवतं, आणि मग माणूस कालच्यापेक्षा आज कमी पडलो म्हणून खचतो. साधा टायर लवकर सपाट होतो आणि रबराचा भुगा पडतो. ट्रेनरचा कडक टायर घ्या, पण तो ओल्या रस्त्यावर नेऊ नका. हँडलवर टॉवेल हवाच. घामाचं मीठ हँडल धरणाऱ्या स्टेमचे बोल्ट आणि हेडसेट (हँडल फिरतं तिथली बेअरिंग) खातं, आणि हँडलच्या टेपखाली ॲल्युमिनियम पोखरलं जातं तेव्हा वरून काही दिसत नाही. फ्लॅटमध्ये पहाटे पाचला आवाजापेक्षा स्लॅबमधून जाणारी थरथर खालच्यांना त्रास देते. दोन जाड मॅटच्या मध्ये प्लायवूड टाकलं की शेजारधर्म टिकतो.

ट्रेडमिलच्या वेगावर विश्वास ठेवू नका. पट्ट्यावर खडूने खूण करा, पट्ट्याची पूर्ण लांबी टेपने मोजा, आणि कुणीतरी धावत असताना 50 फेऱ्यांना लागणारा वेळ घ्या. पट्टा 2.8 मीटरचा असेल तर 50 फेऱ्या म्हणजे 140 मीटर. त्याला एक मिनिट लागला तर खरा वेग ताशी 8.4 किलोमीटर. पडद्यावर 9.5 लिहिलेलं असू शकतं. रिकामा पट्टा मोजू नका, पाऊल पडलं की तो मंदावतो. पट्ट्याखाली सिलिकॉन ऑइल वेळेवर नसेल तर मोटर जास्त करंट ओढते आणि उन्हाळ्यात व्होल्टेज खाली आलं की ट्रिप होते. वीज गेली की पट्टा अचानक थांबतो. सेफ्टी क्लिप कपड्याला लावायची असते, हँडलला नव्हे.

ज्यांच्याकडे यातलं काहीच नाही त्यांच्यासाठी जिना. एक मजला साधारण तीन मीटर. दहा मजली इमारत दहा वेळा चढली की 300 मीटर चढाई. उतरताना लिफ्ट घ्या. मांड्या दुखतात त्या उतरताना.

पिण्याचं मोजून करा. आधी आणि नंतर वजन घ्या. घटलेला एक किलो म्हणजे साधारण एक लिटर घाम, प्यायलेलं पाणी त्यात मिळवायचं. एक लिटर पाण्यात पाव चमचा मीठ, तीन मोठे चमचे साखर, एक लिंबू. कैरीचं पन्हं चालतं, पण निम्मं पाणी घालून, नाहीतर पोटात गोळा येतो.

घरातला सराव दुय्यम, असं मानणाऱ्यांसाठी एक उदाहरण. 2020 मध्ये बॉस्टन मॅरेथॉन 1897 पासून पहिल्यांदाच रद्द झाली. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी 2017 मध्ये एकट्याने पूर्ण केलेली रेस ॲक्रॉस अमेरिकाही त्या वर्षी झाली नाही. त्याच वर्षी 9 डिसेंबरला झालेल्या पहिल्या जागतिक ई-सायकलिंग (ऑनलाइन) स्पर्धेत स्पर्धक आपापल्या ट्रेनरवर बसले होते. पुरुषांत जिंकला जर्मनीचा जेसन ऑस्बोर्न, जो तोवर रोइंगपटू म्हणूनच ओळखला जात होता.

आता विनंती आपल्याला. आपण रोज कमाल आणि किमान तापमान छापता. आकडा मोठा असला की तो पहिल्या पानावर येतो. मे 2024 अखेर शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने दाखवलेल्या 56 अंशांची देशभर चर्चा झाली आणि नंतर ती सेन्सरची चूक निघाली. तापमानाच्या त्या चौकटीत सकाळी साडेपाचची आणि संध्याकाळी साडेपाचची आर्द्रताही छापावी. जागा दोन आकड्यांची लागेल. कूलरचा पंप चालू ठेवायचा की बंद, बाहेर धावायचं की घरात बसायचं, हे त्या दोन आकड्यांवरून ठरतं.

आपला,
एक नियमित वाचक,
प्रतापनगर, नागपूर