हॅमिल्टनचा सातबारा लीफ्सच्या नावावर नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतला टोरंटोच्या दुसऱ्या आइस हॉकी टीमवरचा लेख वाचला आणि रात्रभर डोक्यातून गेला नाही. दुसरी टीम आली तर प्रेक्षक वाटले जातील, म्हणून तिथल्या मेपल लीफ्स टीमने आपली 50 मैलांची हद्द, म्हणजे तेवढ्यात दुसरी टीम येऊ न देण्याचा हक्क, सांभाळली तर काय चुकलं, असं लेखक विचारतात. काय चुकलं ते त्या हद्दीत सापडलेल्या आम्हा हॅमिल्टनकरांना विचारा ना.

2007 ला ब्लॅकबेरीवाला जिम बॅल्सिली अमेरिकेतली नॅशव्हिलची टीम विकत घेऊन इकडे हॅमिल्टनला आणणार असं झालं आणि सीझन तिकिटांचं डिपॉझिट घ्यायला सुरुवात झाली, तेव्हा मी घरी कुणाला न विचारता पैसे भरले, कारण मुलगा आठ वर्षांचा होता आणि बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये टेनिस बॉलने हॉकी खेळून खेळून त्याने दोन जोड बूट फाडले होते. ते बारगळलं, पैसे परत आले. 2009 ला परत फिनिक्सच्या दिवाळखोर टीमचं निघालं, बॅल्सिली 20 कोटी डॉलर्सच्या वर द्यायला तयार होता, पोराने कॅलेंडरवर कोर्टाची तारीख लाल पेनने गोल केली होती. तिकडच्या जज्जने नाही म्हटलं. त्या रात्री तो जेवला नाही हे मला अजून आठवतं.

आणि ती फिनिक्सची टीम वाचवून काय मिळवलं? शेवटची दोन वर्षं पाच हजारही खुर्च्या नसलेल्या कॉलेजच्या रिंकवर खेळली आणि 2024 ला सॉल्ट लेक सिटीला गेलीच. इथे आमचं कॉप्स कोलिझियम स्टेडियम, 1985 ला एनएचएल (अमेरिका-कॅनडाची मोठी आइस हॉकी लीग) येईल याच आशेवर बांधलेलं, सतरा हजारांचं, वाट बघत राहिलं.

हद्दीचा हक्क म्हणजे काही देवाने दिलेला नाही, पैसे घेऊन तो सोडतात. 1972 ला न्यूयॉर्कच्या नव्या आयलंडर्स टीमने तिथल्याच जुन्या रेंजर्सना भरपाई दिलीच ना? 1993 ला अ‍ॅनाहाइमच्या नव्या टीमच्या 5 कोटी डॉलर्स एंट्री फीतले अर्धे शेजारच्या लॉस एंजेलिस किंग्जना गेले. न्यूयॉर्कच्या आसपास आज तीन टीम आहेत, तिन्ही चालतात. मग टोरंटोच्या बाबतीतच हे का जमत नाही? 1967 पासून स्टॅनले कप, म्हणजे लीगची ट्रॉफी, न जिंकताही ज्यांच्या मॅचेस फुल्ल जातात त्यांना कसली भीती आहे?

मी मूळचा नागपूरचा. एकाच राज्यात मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ अशा तीन टीम रणजी खेळतात. 2018 च्या जानेवारीत विदर्भाने पहिल्यांदा रणजी जिंकली तेव्हा मी इथे बर्फात गाडी थांबवून भावाला फोन केला होता. विदर्भामुळे मुंबईचं काय कमी झालं? आम्हाला मात्र स्वतःचं म्हणायला काहीतरी मिळालं, आणि हॅमिल्टनला नेमकं तेच हवंय.

मुलगा आता कमावता झालाय, मॅच बघायची तर बॉर्डर ओलांडून बफेलोला जातो. घरापासून तासाभरावर टोरंटो आहे पण तिथली तिकिटं त्याला परवडत नाहीत.

आणखी एक, लेखासोबत छापलेला फोटो मैदानी हॉकीचा होता. बर्फावरच्या हॉकीची स्टिक वेगळी असते, पायात स्केट्स असतात. इतक्या मोठ्या लेखावर इतकी साधी चूक होऊ नये, कृपया बघा.

आपला,
एक जुना वाचक, हॅमिल्टन, ओंटारियो