‘एसजीपीटी नॉर्मल’वर विसंबू नका

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

कालच्या आरोग्य पुरवणीत पचनसंस्थेच्या कर्करोगांवरचा लेख वाचला. विकरांच्या (एन्झाइम्सच्या) तक्त्याला अर्धं पान आणि हिपॅटायटिस बीच्या विषाणूला जेमतेम एक ओळ! वर ‘एसजीपीटी नॉर्मल असेल तर यकृताची काळजी नको’ हे वाक्य चौकटीत. (एसजीपीटी म्हणजे यकृताच्या पेशींतलं एक विकर; रक्ततपासणीत ते मोजतात.) याच वाक्यावर आमचे अण्णा नऊ वर्षं निर्धास्त राहिले.

२००९ साली रक्तदान शिबिरानंतर त्यांना निरोप आला : रक्तात बी विषाणू सापडलाय, पुन्हा रक्त देऊ नका. आम्ही घाबरून डॉक्टरांकडे गेलो. एसजीपीटी ३४ आलं, म्हणजे नॉर्मल. ‘विषाणू झोपलेला आहे, विसरून जा,’ असं सांगून त्यांनी परत पाठवलं. रक्तात विषाणू किती आहे ते मोजा, दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करा, असं कुणीही म्हणालं नाही. २०१८च्या दिवाळीत उजव्या बरगडीखाली दुखू लागलं, तेव्हा यकृतातली कर्करोगाची गाठ नऊ सेंटिमीटरची झाली होती. एसजीपीटी त्या दिवशीही ३८! होळीच्या आधी अण्णा गेले.

यकृताच्या पेशींना इजा झाली की एसजीपीटी रक्तात वाढतं, एवढंच ते सांगतं. बी विषाणू मात्र पेशीच्या डीएनएमध्येच शिरतो, म्हणून सिऱ्हॉसिस (यकृतावर व्रण पडून ते कडक होणं) नसतानाही कर्करोग होऊ शकतो. तैवानमध्ये साडेतीन हजारांवर बाधितांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं गेलं. रक्तात विषाणू जास्त तसा धोका जास्त, आणि तो एसजीपीटी नॉर्मल असलेल्यांनाही, हे २००६ सालीच प्रसिद्ध झालंय. तुमच्या लेखकांनी ते वाचायला हवं होतं. सरकारी कार्यक्रमात २०१८पासून या विषाणूची तपासणी आणि औषधं मोफत मिळतात, हेही लेखात नाही. गरीब वाचकाच्या उपयोगाची तीच एक माहिती होती.

आणखी एक. त्याच पानावर ‘यकृत शुद्ध करणाऱ्या’ काढ्याची जाहिरात कशी काय छापता? अण्णांनी शेवटचे तीन महिने असलाच काढा घेतला. पोटात अन्न ठरत नव्हतं, तरी घेत होते.

अण्णांनंतर आम्ही सगळ्या भावंडांनी तपासणी केली. मला आणि धाकट्या बहिणीलाही बी निघाला. माझं एसजीपीटी २८ आहे. तुमच्या चौकटीप्रमाणे मी काळजी करायची नाही.

दुरुस्ती त्याच पुरवणीत, तेवढ्याच चौकटीत छापावी, ही विनंती.

— एक वाचक, इचलकरंजी